परातीतला पाणकोट

दिवाळी नेमकी कधी सुरू होते, याबद्दल पंचांगाचं आणि आमच्या घराचं कधीच जमलं नाही. पंचांग म्हणतं वसुबारसेला. नोकरदार माणूस म्हणतो बोनसला. आमच्या सौभाग्यवतींच्या मते चिवड्याचे पोहे उन्हात पडले की दिवाळी सुरू झाली. आणि घरातली पोरंबाळं (यात मी स्वतःलाही धरतो) दिवाळी सुरू झाली असं मानतात ती घरात पहिलं गोणपाट आलं की.

गोणपाट म्हणजे किल्ल्याचं कातडं. ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला नाही अशा दुर्दैवी वाचकांसाठी कृती थोडक्यात सांगतो. दगडविटांचा ढीग रचायचा. गोणपाट चिखलात बुचकळून त्यावर पसरायचं. ते सुकायच्या आत बोटांनी कडे, दऱ्या आणि पायवाटा काढायच्या. वर तट, बुरूज आणि दरवाजा. उतारावर मोहरी नाहीतर हळीव पेरायचे, म्हणजे चार दिवसांत जंगल उगवतं. पायथ्याशी आरशाचा तुकडा पुरला की तळं झालं. एका कपारीत वाघ आणि माथ्यावर सिंहासनावर महाराज. या राज्यात वाघ मावळ्याच्या दुप्पट असतो, मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही आणि तोफ मावळ्याच्या काखेत मावते. पण त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मी मूळचा वाईचा. तिथे परसात उभं राहिलं तरी पांडवगड दिसायचा, मान वळवली की वैराटगड. त्यामुळे किल्ला कसा असतो हे आम्हांला शिकवावं लागलं नाही. नोकरीनिमित्त १९७५ साली बोईसरला आलो तेव्हा गड दिसेनात. दिसायची ती कारखान्यांची धुराडी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ सालीच सुरू झालेलं होतं, देशातलं पहिलं. औद्योगिक वसाहत वाढत होती. लोकल तेव्हा विरारला संपायची (ती डहाणूपर्यंत आली २०१३ साली, माझी पायपीट संपल्यावर) आणि पुढे आमच्या नशिबी शटल. पण कंपनीने तळमजल्याचं क्वार्टर दिलं होतं आणि दारापुढे चार हात मोकळी जमीन होती. त्या चार हातांवर दर दिवाळीत दोन पक्ष हक्क सांगत: रांगोळीवाले आणि किल्लेवाले. रांगोळीवाल्यांत ही एकटी होती, पण बहुमत तिचंच असायचं.

आई गेल्यावर, १९८१ च्या उन्हाळ्यात, अण्णा वाईचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. आले खरे, पण आले ते वेटिंग रूममध्ये आल्यासारखे. ट्रंक सहा महिने उघडली नाही. लागेल तेवढं धोतर वरच्या वर काढायचे. बोलताना "तुमचं बोईसर" म्हणायचे. "तुमच्या बोईसरात फार दमट आहे बुवा." "तुमच्या बोईसरचं पाणी डाळीला लागत नाही." वाईला मित्राला कार्ड लिहायचे त्यावर पत्ता असे: 'मु. पो. वाई (हल्ली मुक्काम बोईसर)'. कार्ड पेटीत टाकायचं काम माझं. आणि कार्ड हे टाकणाऱ्याने वाचायचंच असतं, नाहीतर सरकारने त्याला पाकीट केलं असतं.

एका रविवारी मी त्यांना उत्साहाने आसावा किल्ला दाखवायला नेलं. बोईसरच्या पूर्वेला डोंगरावर आहे, वर पाण्याची मोठी टाकी आहेत. अण्णा वर चढले, टाक्यात डोकावले, चारी दिशांना बघितलं आणि म्हणाले, "टेकडी बरी आहे."

त्या वर्षी दिवाळीत पोरांनी किल्ला करायला घेतला. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. अण्णा तीन दिवस खिडकीतून नुसते बघत होते. चौथ्या दिवशी खिडकीतून आवाज आला, "बुरूज असा नसतो." पोरांनी वर पाहिलं. "गोल असतो म्हणून काय रांजणासारखा करायचा? आणि दरवाजा असा समोर उघडा? शत्रूला आमंत्रण पाठवलंय का?" मग धोतराचा काचा मारलेला आवाजच खाली उतरला. संध्याकाळपर्यंत किल्ल्याला गोमुखी दरवाजा झाला, चोरवाट झाली, धान्याचं कोठार झालं, आणि आमची दोन्ही मुलं माती कालवणारे मजूर झाली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ट्रंक उघडली. जुनी फूटपट्टी हवी होती म्हणे.

त्यानंतर दरवर्षी गड बदलायचा. एकदा प्रतापगड, एकदा राजगड, एकदा पन्हाळा. गड सह्याद्रीतला आणि माती पालघरच्या शेतातली. वाद व्हायचे ते इतिहासाशी इमान राखण्यावरून. एका वर्षी चिरंजीवांनी राजगडाच्या पायथ्याशी डालड्याचा डबा पालथा घातला आणि त्यावर उदबत्तीच्या पुड्याची नळी उभी केली.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"अणुवीज केंद्र."

"महाराजांच्या काळात?"

"मग गडावर बल्ब कसा लागलाय, आजोबा?"

अण्णांनी गडावरच्या माळेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. ते पूर्वी शाळेत असते तर त्याला बाकावर उभा केला असता. पण शिक्षकाला मुद्दा कळतो. "डबा जरा मागे सरकव," ते म्हणाले, "बालेकिल्ला झाकतोय."

वाघाचंही तसंच. किल्ल्यात वाघ कशाला, हे महाराष्ट्रात कुणी सांगू शकणार नाही. तो असतो एवढंच. पण पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते, तिथे वाघोबाचं देऊळ आहे आणि वर काळदुर्ग. एकदा एस.टी.तून जाताना मी अण्णांना ते दाखवलं. "म्हणजे वाघ आणि किल्ला एका जागी," अण्णा पुटपुटले, "अरे, मग पोरांचं बरोबर आहे की." 'तुमचं बोईसर' मात्र सुटलं नव्हतं.

आता १९८६ सालाकडे येतो. मुलगी चौथीत होती. शाळेची सहल केळव्याला गेली आणि ही समुद्रातला पाणकोट बघून आली. तो पाण्यात उभा आहे, आकार थेट जहाजासारखा, भरतीला चारी बाजूंनी पाणी आणि ओहोटीला चालत जाता येतं. मुलगी आली ती हेच धरून.

"आजोबा, यंदा आपण पाणकोट करायचा."

"किल्ला डोंगरावर असतो. पाण्यात असते ती होडी."

"आणि सिंधुदुर्ग?"

इतिहासाच्या शिक्षकाला चौथीतल्या मुलीने गप्प केल्याचा क्षण मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण अण्णा हार जाणारे नव्हते. "सिंधुदुर्ग महाराजांनी स्वतः बांधला. हा पोर्तुगिजांचा. त्यावर मी महाराजांना कोणत्या हिशेबाने बसवू? आणि महाराज नसलेला किल्ला किल्ल्यात धरत नाहीत." मुलगी रुसली. अण्णाही रुसले. दोघं एका ताटात जेवणारी, दोन दिवस वेगळी जेवली. तिसऱ्या दिवशी अण्णा छत्री घेऊन कुठेसे गेले आणि येताना वाचनालयातून दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आले. आम्ही काही विचारलं नाही.

रात्री अकरा-साडेअकराला माझ्या खांद्याला हात लागला.

"अरे, झोपलास का?"

"काय झालं अण्णा?"

"आपल्या रेठऱ्याचा माणूस इथे पडलाय."

मी ताडकन उठलो. "कुठे? स्टेशनवर? गाडीखाली?"

"तारापूरला. सतराशे एकोणचाळीस साली."

रात्री अकरा वाजता माणसाने यावर काय बोलावं? मी म्हणालो, "सकाळी बघू." पण अण्णा कॉटच्या कडेवर बसलेच. मग अंधारात मला कळलं ते असं. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने हा सगळा किनारा, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, पोर्तुगिजांकडून घेतला. मे महिन्यात वसई घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. आडनावावरून अण्णांनी त्यांना रेठऱ्याचं, म्हणजे कृष्णाकाठचं ठरवून टाकलं होतं. आणि वाईही कृष्णाकाठचीच. "म्हणजे आपल्याच नदीचं पाणी प्यालेला माणूस," अण्णा म्हणाले, "एवढ्या लांब आला, आणि परत गेला नाही." नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही झोपल्यासारखं केलं.

सकाळी पाणकोट मंजूर झाला. माथ्यावर महाराज नाहीत, चिमाजी आप्पा. आता अडचण अशी की बाजारात मावळे मिळतात, शिपाई मिळतो, ताकवाली मिळते, क्रिकेट खेळणारा गावसकरसुद्धा मिळतो, पण चिमाजी आप्पा मिळत नाहीत. आम्ही दोघं बापलेक शटलने पालघरला गेलो आणि सगळ्या पाट्या धुंडाळल्या. शेवटी एका कुंभारणीकडे घोड्यावर बसलेला नवरदेव सापडला. पगडी झकास होती. "हेच आप्पा," अण्णा म्हणाले. घरी येऊन त्यांनी दाढीच्या ब्लेडने त्याच्या मुंडावळ्या खरवडून काढल्या. भाला मोडलेला एक मावळा कुंभारणीने वर फुकट दिला होता. त्याचे बाजी भिवराव झाले.

पाणकोटाला पाणी हवं. पाण्याला भांडं हवं. घरात तेवढं पसरट भांडं एकच होतं: हिच्या माहेरची पितळी परात, जिच्यात दर दिवाळीला दोन किलो शंकरपाळ्यांचं पीठ भिजत असे. परात कशी गेली हे मी सांगणार नाही, कारण ती मीच दिली. संध्याकाळी स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "माझी परात कुठाय?" अण्णा अंगणातून शांतपणे म्हणाले, "सूनबाई, ती मोहिमेवर आहे." सासऱ्यांपुढे ही काही बोलली नाही. शंकरपाळ्यांचं पीठ पातेल्यात कसंबसं मळलं गेलं, आणि त्या वर्षीचे शंकरपाळे असे झाले की चिरंजीवांनी ते गोफणीला सुचवले. तेव्हापासून परात या विषयावर कोटी करायची म्हटली की मी 'परात परत' एवढंच म्हणतो, आणि तेही ही घरात नसताना.

मातीचा किल्ला पाण्यात उभा करणं ही गोष्ट पोर्तुगिजांनाही जमली नसती. त्यांनी दगड वापरला होता. मुलगा म्हणाला सिमेंट लावू. अण्णा म्हणाले, त्या काळी सिमेंट नव्हतं. मग विटांचे तुकडे, त्यावर माती, मातीवर चुना आणि सगळ्यावर चकल्या तळून उरलेलं तेल, असा मार्ग निघाला. जहाजासारखी टोकदार पुढची बाजू साधायला अण्णांना एक दिवस लागला. नरकचतुर्दशीला किल्ला उभा होता. सगळी लाइन बघायला आली. आमच्या शेजारी केळव्याकडचे एक काका राहायचे, पानवेलीच्या वाडीतले. त्यांनी परातीभोवती फेरी घातली आणि म्हणाले, "मास्तर, आमचाच आहे हो!" अण्णा लाजले. वडील लाजलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या एका उत्साही मुलाने सुतळी बॉम्ब लावला, आणि तो घरंगळत परातीखाली आला. पितळी परातीखाली सुतळी बॉम्ब वाजला की काय आवाज होतो हे ज्यांनी ऐकलं ते त्यानंतर तास-दोन तास दुसरं काही ऐकू शकले नाहीत. भरती आली. पश्चिमेचा तट पाण्यात बसला, मागोमाग दोन बुरूज बसले. धूर ओसरल्यावर पाहिलं तर आप्पांचा घोडा गळ्यापर्यंत समुद्रात, आणि आमची मुलगी भोकाड पसरून रडत होती. पाच दिवसांची मेहनत. मला वाटलं, आता अण्णा त्या मुलाचा कान धरणार. अण्णा टॉर्च घेऊन परातीशी उकिडवे बसले.

"रडतेस कशाला? किल्ला कुणाचा होता?"

"पोर्तु... पोर्तुगिजांचा."

"वसईला आपण काय लावले होते?"

"सुरुंग."

"मग? किल्ला पडला म्हणू नये. घेतला म्हणावं."

तिने नाक पुसलं. मग आजोबा आणि नात मिळून टॉर्चच्या उजेडात पडलेल्या तटावर आप्पांचा घोडा चढवत बसले. हिने न विचारता भगव्या ब्लाउजपीसचा कोपरा कातरून दिला. निशाण लागलं. बाजी भिवराव मात्र सापडले नाहीत. ते विरघळले होते. "ते तसंच असतं," अण्णा म्हणाले.

भाऊबीजेनंतर अण्णांनी वाईला कार्ड लिहिलं. मी ते पेटीत टाकायला नेलं आणि नियमाप्रमाणे वाचलं. फराळ उत्तम झाला, शंकरपाळे दातांच्या मानाने कडक, बाजी भिवरावांची हकीकत, ती कार्डाच्या कडेने उभी लिहून मागच्या बाजूला गेलेली. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता होता: 'मु. पो. बोईसर'. कंस नव्हता. मी कार्ड दोनदा वाचलं आणि टपालपेटीपाशी उगाचच थोडा वेळ उभा राहिलो.

अण्णा १९९३ साली गेले. आम्ही पुढे पालघरला जागा घेतली, तिसऱ्या मजल्यावर. पालघर २०१४ साली जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि मातीच्या गोणीला भाव आला. आता किल्ले तयार मिळतात, रंगवलेले, उचलून आणायचे आणि उचलून ठेवायचे. शिवाय आमच्या सोसायटीच्या फलकावर 'जिन्यात माती आणू नये' असं लिहिलेलं आहे. ते मी सेक्रेटरी असताना मीच लिहिलं होतं, त्यामुळे भांडायलाही सोय नाही.

पाणकोटवाली मुलगी आता जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आली, तेव्हा आठ वर्षांची नात बरोबर होती. नातीने मोबाईलवर मला त्यांच्या नाताळातलं घर दाखवलं. मध, दालचिनी, लवंग, आलं घातलेल्या जाड बिस्किटाच्या भिंती भाजायच्या, त्या साखरेच्या घट्ट लेपाने जोडायच्या, वर छप्पर, छपरावर साखरेचं बर्फ आणि गोळ्यांची कौलं. तिकडे घरोघर आईबाप आणि मुलं मिळून करतात. ग्रिमबंधूंनी १८१२ साली छापलेल्या गोष्टीत असंच एक खायचं घर आहे, त्यावरून ही हौस वाढली म्हणतात.

"आणि त्यात राहतं कोण?" मी विचारलं.

"चेटकीण. आबा, तुमच्या किल्ल्यात?"

"वाघ."

ती विचारात पडली. "मग सण संपल्यावर तुम्ही किल्ला खात नाही?"

साठ वर्षं किल्ले करतोय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्यांचा खणखणाट झाला आणि ही बाहेर आली. हातात परात. पितळी. बुडाला सुतळी बॉम्बाचा पोचा तसाच. "माती नको, सोसायटीची कटकट नको," ही म्हणाली, "शंकरपाळ्यांचा करा. मी पीठ घट्ट भिजवते. तुमच्या अण्णांच्या वेळचं माप मला पाठ आहे."

तट शंकरपाळ्यांचा झाला, सांधे पिठीसाखरेच्या पाकाने धरले. चकलीवर चकली रचून बुरूज उभे राहिले. तोफगोळे बेसनाच्या लाडवांचे, पण ते तोफेपेक्षा मोठे; म्हणजे परंपरा सुटली नाही. पाणी घालता येईना, तेव्हा ओहोटी आहे असं सर्वानुमते ठरलं. माळ्यावरच्या डब्यातून आप्पा काढले. घोड्याचा एक कान गेलाय, पगडीचा रंग उडालाय, मुंडावळ्यांच्या जागी ब्लेडचे ओरखडे आहेत. नातीला रेठऱ्याच्या माणसाची गोष्ट तिच्या आईने सांगितली. मी सांगायला बसलो होतो, पण मुलगी मधेच म्हणाली, "बाबा, बुरूज असा नसतो," आणि जागा बळकावून बसली.

भाऊबीजेला संध्याकाळी किल्ला घेतला. पूर्वेकडून नातीने, दक्षिणेकडून तिच्या आईने. पश्चिमेचा तट माझ्याकडे आला. हिने पीठ खरोखरच अण्णांच्या वेळच्या मापाने भिजवलं होतं. पहिल्याच हल्ल्यात माझी डाव्या बाजूची दाढ कामी आली. पाडव्यापासून बंद असलेले दातांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी उघडले. त्यांनी दिवा तोंडात धरून विचारलं, "काका, काय खाल्लंत?"

मी म्हणालो, "केळव्याचा पाणकोट."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.